हवा काढा, मी वाजतेच

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळा सुटल्याची वर्दी देणारीही नव्हे. काचेच्या हंडीखाली टांगलेली, विजेवर वाजणारी, पेरूएवढी घंटा. माझं काम ऐकलंत तर हसाल. मी जीव तोडून वाजायचं आणि ते कुणालाही ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठी मला घडवलंय.

बाकीच्या घंटा वाजल्या की लोक जेवायला उठतात, वर्गात जातात, हात जोडतात. माझा आवाज बंद पडला की लोक टाळ्या वाजवतात. हा अपमान मी मुकाट सोसला असेल, असं समजू नका. सोसणं माझ्या स्वभावात नाही. मी भांडले. एकदा तर अशी भांडले की माझ्यापायी एका पोरीची दहावी बुडता बुडता राहिली. तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे गल्लोगल्ली शाळा-कॉलेजांच्या प्रयोगांची सामग्री बनते. पितळेची वाटी, पोलादाची हातोडी, पाठीमागे तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, असं माझं सगळं मिळून अंग. कारागिरानं मला सेल जोडला, हातोडी वाटीवर नाचली आणि अख्खी गल्ली दणाणली. "खणखणीत निघाली," तो शेजारच्याला म्हणाला. आवाजाबद्दल माझं कौतुक झालं ते पहिलं आणि शेवटचं. मग काचेची हंडी, पितळेची थाळी, हवा ओढायचा हातपंप आणि मी, अशी चौघांची वरात पेंढ्यात गुंडाळून रेल्वेनं थेट मलबारच्या किनाऱ्याला निघाली.

तिथल्या एका जुन्या मिशन शाळेत मी उतरले. वर्षातून एकदा मला कपाटातून काढत. थाळीवरच्या खांबाला रबरी पट्ट्यांनी मला टांगत, वरून हंडी ठेवत, कडेला ग्रीस फासत आणि पंप मारायला लागत. हवा विरळ होई तसा माझा आवाज बारीक होई, डासासारखा होई आणि मग नाहीसाच होई. मी आत ठणाणा करत असे. बाहेर मास्तर म्हणत, "बघा, आवाजाला जायला हवा लागते." पोरं वहीत लिहून घेत. मला विचारायला कोण येणार?

माझ्या डोळ्यांत सलायचा तो उजेड. हंडीबाहेर खिडकी होती. तिच्यातून ऊन यायचं, काचेतून आत शिरायचं, आतल्या पोकळीतून आरपार जायचं आणि पलीकडच्या भिंतीवर खुशाल पडायचं. ना कष्ट, ना ठणाणा. आत हवा असली काय आणि नसली काय, त्याला फरक पडत नव्हता. एकाच घरातल्या दोन सुना, एकीला माहेरची वाट मोकळी आणि दुसरीला उंबरठ्याशीच अडवलेली, तशी माझी गत. मी उजेडावर दात धरून होते.

पुढे पंपाचं चामडं वाळून कडक झालं. नवं कोण घालणार? मला कपाटाच्या डोक्यावर टाकून दिलं ते नऊ वर्षं. पालीनं माझ्या वाटीत अंडी घातली. एवढ्यानं मी गंजून जाईन असं ज्यांना वाटलं, त्यांना अंबाल्याचं पितळ ठाऊक नव्हतं.

दहाव्या वर्षी सौदामिनी टीचर आल्या. उंच, हडकुळ्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी स्टुलावर चढून मला खाली घेतलं, पदरानं पुसलं आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "रविवारी हे माझ्या गावच्या वाचनालयात नेऊ का?"

"न्या, न्या. इथं सडतंयच," ते म्हणाले.

सडतंय म्हणे! टीचरांनी काचेची हंडी मांडीवर घेतली, मला पिशवीत घातलं, आणि आम्ही बसनं कावुंपुरमला आलो.

कावुंपुरमचं वाचनालय बिडी वळणाऱ्यांनी उभारलेलं. कौलारू दालन एकच, त्यात दहा बाकं, तीन कपाटं पुस्तकं, आणि बाहेर चहाची टपरी. त्या गावात आवाजाला फार मान. बिडीच्या कारखान्यात माणसं रांगेनं बसून पानं कापतात, तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात. डोळे नि हात त्यातच गुंतलेले. मग त्यांच्यातलाच एकजण उंच स्टुलावर बसून सगळ्यांना पेपर वाचून दाखवतो. सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. त्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीचे सगळे थोड्या थोड्या वळून देतात. वाचणाऱ्याचे हात इतरांचे, आणि इतरांचे डोळे वाचणाऱ्याचे, असा तो रिवाज.

बावीस वर्षं हे वाचण्याचं काम कणारेट्टन करत होते. मूळ नाव कणारन, पण वडीलधाऱ्याला तिकडे एट्टन जोडतात. छाती कोठारासारखी, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की ते कारखान्यात वाचत तेव्हा रस्त्यावरची म्हैससुद्धा थबके. वाचनालयाचे अध्यक्षही तेच. गावात कुठलाही वाद कणारेट्टनच्या शब्दावर मिटे, आणि पुष्कळसे वाद सुरूही तिथूनच होत.

टीचरांचा वर्ग दर रविवारी दालनात भरे. शाळा मध्येच सुटलेल्या, घरी किंवा कारखान्यात बिड्या वळणाऱ्या एकोणीस पोरी यायच्या. त्यांतली सगळ्यांत हुशार मातू. आई गेली तेव्हा सातवीतून तिचं नाव काढलं होतं, कारण घरात भात शिजवायला कुणी नव्हतं. आता ती विशीची झाली होती आणि मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसणार होती. ही मातू कणारेट्टनचीच मुलगी.

झालं असं, की वाचनालयाच्या वार्षिक उत्सवाचं नाटक जवळ आलं आणि नाटकवाल्यांना तालमीसाठी रविवारचं दालन हवं झालं. त्याच आठवड्यात मातूनं घरी जेवताना सांगितलं, की सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये काहीही नाही, हवासुद्धा नाही, आणि तरी ऊन आपल्यापर्यंत येतं. कणारेट्टननी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी टपरीवर, कोरा चहा पिताना, त्यांनी जाहीर केलं, "शून्यातून काही येत नाही! बातमी येते ती कुणीतरी आणतं म्हणून. तांदूळ येतो तो कुणीतरी वाहतं म्हणून. मध्ये कुणीच नाही आणि माल पोचला, हे टीचर पोरींना शिकवतात? त्यापेक्षा दालन नाटकाला द्या. नाटक निदान तोंडावर सांगतं की मी खोटं आहे."

टपरीवर हशा पिकला. टीचरांना कळलं तेव्हा त्या थेट कारखान्यात गेल्या आणि वाचन थांबवून म्हणाल्या, "कणारेट्टा, मी दाखवते. येत्या रविवारी दुपारी, सगळ्यांसमोर."

"आणि नाही दाखवता आलं तर?"

"तर दालन नाटकाला."

"पोरींचं काय मग?"

"ते तुम्ही सांगा," टीचर म्हणाल्या. "त्यांतली एक तुमचीच आहे."

गावात रविवारी दुसरी जागा नव्हती. दालन गेलं की वर्ग गेला, आणि परीक्षेला उरले होते दोन महिने. एवढं सगळं माझ्या गप्प बसण्यावर टांगलेलं होतं. मी मात्र त्या वेळी वेगळ्याच विचारात होते. मला वाटलं, या गावाला आवाजाची कदर आहे. इथे तरी मी हरणार नाही.

पंप दुरुस्त करायला पोक्करिक्का आले, मूळ नाव पोक्कर. हे सायकल दुरुस्तीवाले, गोल पोटाचे, तोंडात सदा सुपारी. त्यांनी पंपात नवं चामडं घातलं, ते खोबरेल तेलात रात्रभर मुरवलं, आणि दट्ट्या असा गुळगुळीत केला की मीच चाट पडले. मग त्यांची नजर माझ्या रबरी पट्ट्यांवर गेली. नऊ वर्षांत त्या कुजून गेल्या होत्या.

"भर सभेत घंटा खाली पडली तर टीचरांची लाज जाईल," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी सायकलची एक नवी कोरी तार घेतली, वाकवली, आणि तिनं मला खांबाला पक्कं आवळून टाकलं. टीचरांना बोललेही नाहीत. चांगल्या मनानं केलेल्या कामाची कोण वर्दी देतं?

ती तार अंगाला लागली मात्र, मला कळलं. माझं कंपन तारेतून खांबात, खांबातून थाळीत, थाळीतून टेबलात चाललं होतं. हवा गेली तरी ही वाट राहणार होती. मी मनात म्हटलं, वा रे पोक्कर!

रविवारी दालन भरलं. खिडक्यांतही माणसं. पुढच्या बाकावर कणारेट्टन, मुंडू, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी, नीट आवरून, हात गुडघ्यांवर. कोपऱ्यात नाटकवाले, त्यांनी ढोलकी बरोबरच आणली होती. पोरी मागं भिंतीला लागून उभ्या. टीचरांनी सेल जोडला आणि मी वाजू लागले. पोक्करिक्कांनी पंप मारायला घेतला. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले. घामानं त्यांच्या सदऱ्याचा पार चोथा झाला.

मी वाजतच होते. थोडी दबल्यासारखी, पण साऱ्या दालनाला ऐकू येईल अशी.

"घंटा वाजतेय, टीचर," कणारेट्टन म्हणाले.

"अजून थोडी हवा आहे आत. पोक्करिक्का, मारा."

आणखी पन्नास. मी वाजतच होते. आयुष्यात पहिल्यांदा काच माझ्यापुढे हरत होती. मी इतकी माजले होते की हातोडी निखळेल की काय याचीही पर्वा उरली नव्हती.

"पोक्करा, बस कर. तुझीच हवा जाईल," मागून कुणीतरी ओरडलं. दालन हसलं. नाटकवाल्यानं ढोलकीवर एक थाप दिली.

कणारेट्टन उठले. "टीचर, तुम्ही म्हणालात पोकळीतून आवाज जात नाही, पण उजेड जातो. आवाज तर जातोय. म्हणजे एक तर आत पोकळी नाही, नाही तर तुमचं पुस्तक चुकतंय. दोन्हीपैकी काहीही असलं, तरी दालन..."

तेव्हा माझी नजर टीचरांच्या चेहऱ्यावर गेली. त्यांनी चष्मा काढला होता आणि दोरा बांधलेली दांडी उगाच पुसत होत्या. मागे एकोणीस पोरी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. माझा सगळा माज उतरला. मी जिंकले होते खरी, पण ही कसली जीत! थांबायची सोयही नव्हती, सेल जोडलेला होता. मी वाजत राहिले आणि मला माझीच लाज वाटली.

मातू पुढे आली. तिनं कुणालाही न विचारता पितळेच्या थाळीवर चार बोटं टेकवली. बिडी वळणाऱ्याची बोटं ती, पानाची शीर कुठे जाड नि कुठे पातळ ते न बघता ओळखणारी. मग बोटं खाली टेबलावर नेली.

"टीचर, थाळी थरथरतेय. टेबलपण. आवाज पोकळीतून येत नाहीये. खालून येतोय."

टीचर वाकल्या, हंडीच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांना चकाकणारी तार दिसली. "पोक्करिक्का, हे काय?"

"टीचर, मजबूत केलं. नवी तार आहे, एक नंबर."

"अरे देवा," टीचर म्हणाल्या आणि त्यांना हसूच फुटलं.

"चला चला, झालं," कणारेट्टन दाराकडे वळले. "आता कारणं सुरू झाली."

"अच्छन, बसा," मातू वडिलांना म्हणाली.

त्या माणसाला बावीस वर्षांत कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते म्हणायचे आणि लोक बसायचे.

"मोळे, पोरी, काय म्हणालीस?"

"बसा म्हणाले. कारखान्यात तुम्ही अर्धी बातमी वाचून कधी उठलात का? मग इथे का उठता?"

कणारेट्टन बसले. मिशा मात्र थरथरत होत्या, थाळीसारख्याच.

पोक्करिक्का धावत दुकानात गेले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घेऊन आले. तार निघाली, मी पुन्हा रबरावर लोंबू लागले. हंडी बसली, ग्रीस फासलं, पंप सुरू झाला. आणि माझा आवाज जाऊ लागला. आधी लांबून आल्यासारखा झाला, मग दालनातल्या श्वासांखाली गेला, मग बाहेरच्या कावळ्यांखाली. शंभराव्या दट्ट्याला पुढच्या बाकावरचे कणारेट्टनसुद्धा कान पुढे करून बसले होते. काहीच नव्हतं.

मी तसूभरही कमी वाजत नव्हते, हे लिहून ठेवा.

"बरं," कणारेट्टन म्हणाले. "आवाज हवेवरून चालतो, हे मला छाती सांगते, त्याला पंप कशाला? माझा प्रश्न उजेडाचा होता."

"आता घंटा वाजतेय की थांबलीय?" टीचरांनी विचारलं.

"वाजतेय."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसतेय ना हातोडी हल..." कणारेट्टन तिथेच थांबले.

"आत हवा नाही. आवाज येत नाही. मग ती हलतेय ही बातमी तुमच्या डोळ्यांपर्यंत कुणी आणली?"

खरं सांगते, त्या घडीपर्यंत मलाही हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर दात धरून होते, तोच माझा निरोप बाहेर नेत होता. मी ऐकू जात नव्हते, पण दिसत होते. माझं प्रत्येक ठोकणं त्या पोकळीतून पार होऊन दालनभर माणसांच्या डोळ्यांत पोचत होतं.

पण कणारेट्टन एवढ्यात मानणारे नव्हते, आणि त्यासाठी ते मला आवडले. "डोळ्यांचं काही सांगू नका," ते म्हणाले. "डोळे म्हाताऱ्याचे. आणि हे सांगा, टीचर, मातू म्हणते उजेड ही लाट असते. लाट म्हटली की पाणी हवं. पाण्याशिवाय लाट कशी? हलायला काहीतरी हवं की नाही?"

"तुम्हाला जे वाटतं तेच मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटायचं. पोकळीत काहीतरी भरलेलं असणार, त्यावरून उजेड चालत असणार. वर्षानुवर्षं शोधलं. नाही सापडलं."

"मग चालतो कसा?"

टीचरांनी फळ्यावर काही काढलं नाही. दोन्ही हात पुढे धरले. "वीज थरथरली की तिच्या शेजारी चुंबकाचा जोर उठतो. तो थरथरला की त्याच्या शेजारी पुन्हा विजेचा जोर उठतो. हा तिला उठवतो, ती त्याला. आपण चालतो तसं, एक पाय टेकला की दुसरा पुढे."

"पायाला जमीन लागते," कणारेट्टन ताडकन म्हणाले.

नाटकवाले हसले. टीचरही हसल्या. "बरोबर. दाखला तोकडा पडला माझा. मग असं म्हणा, ती दोघं एकमेकांची जमीन आहेत. तिसरं कुणी लागत नाही. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातात, आणि सूर्यापासून आठ मिनिटांत इथं."

"बोलायला काय जातं?"

"पोक्करिक्का," टीचर म्हणाल्या, "तुमचा रेडिओ द्या."

पोक्करिक्कांच्या भावानं कुवेतहून पाठवलेला, साबणाच्या वडीएवढा रेडिओ होता तो. पोक्करिक्का त्याला पोराहून जपत. हंडी उचलून टीचरांनी मला बाहेर काढलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. माझ्या जागी तो रेडिओ! थाळीतून बाहेर सेलकडे जाणाऱ्या माझ्याच तारांना त्यांनी रेडिओच्या, कानात घालायच्या बोंडीची तार जोडली आणि बोंडी बाहेर ठेवली. पुन्हा हंडी, पुन्हा पंप. मी आडवी पडून बघत होते, आणि हो, जळत होते.

दुपारच्या बातम्यांची वेळ झाली होती. टीचरांनी बोंडी कणारेट्टनच्या हातात दिली. "कानाला लावा. तार फक्त आतलं बाहेर आणते. पण आत कोण आणतं, ते तुम्ही सांगा. हंडीला दुसरं भोक नाही आणि आत हवा नाही."

कणारेट्टननी बोंडी कानात घातली. डोळे बारीक केले. दालन त्यांच्याकडे बघत राहिलं. आणि मग जे झालं, ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. बावीस वर्षांची सवय. बातमी त्या माणसाच्या मेंदूत शिरली की ती एकट्याची राहत नाही. त्यांची पाठ ताठ झाली, छाती भरली, आणि ते स्टुलावर बसल्यासारखे खड्या आवाजात सुरू झाले:

"उत्तरेकडचं दाट धुकं विरू लागलं असून रेल्वेची वाहतूक उद्यापासून सुरळीत होईल. धान्याच्या तीन गाड्या दक्षिणेकडे रवाना झाल्या आहेत. तांदळाचा साठा पुरेसा असल्याचं मंत्र्यांनी..."

आणि बाकांवरच्या बिडीवाल्यांचे हात आपोआप मांड्यांवर आले. बोटं हलू लागली, जणू पान धरलंय. पूर्ण दोन बातम्या होईपर्यंत कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

"अच्छन," मातू हळूच म्हणाली, "हे कोण वाचतंय?"

कणारेट्टन थांबले. कानातली बोंडी काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग हंडीकडे, मग पुन्हा बोंडीकडे. दालनात असा काही हशा उठला की कौलं खाली येतात असं वाटलं. पोक्करिक्का तर पंपाच्या दांड्याला धरून खाली बसले. हसले नाहीत ते दोघंच, कणारेट्टन आणि टीचर.

"मीच सांगितलं की," ते शेवटी म्हणाले. "माझ्याच तोंडानं."

"हो, कणारेट्टा."

ते उभे राहिले. "दालन टीचरांचं. नाटकवाल्यांनी आंब्याखाली तालीम करावी, तेवढाच त्यांचा आवाज सुटेल." मग माझ्याकडे, आडव्या पडलेल्या घंटेकडे बघून ते म्हणाले, "पण एक सांगून ठेवतो, टीचर. तुमची ती उजेडाची लाट एकटी चालते, तिला कुणी लागत नाही. आवाजाला मध्ये कुणीतरी लागतं. मी आवाजाच्याच बाजूचा, मरेपर्यंत."

मीसुद्धा, मी म्हटलं. पण सेल जोडलेला नव्हता.

मातू मार्चमध्ये बसली. गणितात गेली, सप्टेंबरात पुन्हा बसली आणि सुटली. निकालाच्या दिवशी कणारेट्टननी कारखान्यात पेपराआधी तिचा नंबर वाचून दाखवला, आणि तोही दोनदा.

मग वर्षं गेली. शाळेनं मला परत मागितलंच नाही, मी वाचनालयाच्या कपाटातच राहिले. तंबाखूच्या धुळीनं म्हणा किंवा वयानं म्हणा, कणारेट्टनचा घसा धरला. शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून ते वाचले, पण आवाज गेला. पुरता गेला. कारखान्यात त्यांच्या स्टुलावर रेडिओ येऊन बसला. गावातले लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले, जणू ते बहिरेही झालेत. याचा त्यांना भारी संताप येई. मग ते घराबाहेर पडेनासेच झाले.

एका रविवारी वर्ग चालू असताना ते दारात उभे राहिले. गळ्याला पांढरा पंचा गुंडाळलेला, छाती अजून तशीच. पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी हातानंच सगळ्यांना बसवलं, कपाट उघडलं, मला काढलं, स्वतः रबरी पट्ट्या तपासल्या, हंडी ठेवली आणि पोक्करिक्कांना बोलावणं धाडलं. आता पोक्करिक्काही म्हातारे झाले होते, पण त्यांनी पंप मारला.

माझा आवाज गेला. मी काचेत ठोकत होते, ठोकत होते, जेवढा जीव होता तेवढा. कणारेट्टननी माझ्याकडे बोट दाखवलं. मग तेच बोट स्वतःच्या गळ्याला लावलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ते हसले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून हसले. एवढासाही आवाज नाही. पण त्या दालनात असा कुणी नव्हता ज्याच्यापर्यंत ते हसू पोचलं नाही. टीचर हसल्या, पोरी हसल्या, पोक्करिक्का खोकत खोकत हसले. मातू तेवढी रडत होती.

आणि मी? मी वाजत होते. त्यांच्या बरोबरीनं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारपासून, ते पुन्हा कारखान्यात जाऊ लागले. रेडिओ खाली ठेवला गेला नाही, पण समोरच्या भिंतीवर एक फळा आला. रेडिओ जे सांगत नाही ते कणारेट्टन त्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत आणि फळ्यावर थाप मारून लक्ष वेधत. लोक बिडीचा दोरा गुंडाळता गुंडाळता मान वर करत आणि पुन्हा खाली घालत. शेवटच्या आजारापर्यंत त्यांनी तो फळा सोडला नाही.

आता तेही नाहीत, पोक्करिक्काही नाहीत. कारखान्याला कुलूप आहे. वाचनालयाची किल्ली मातूकडे आहे, तीच ते सांभाळते. सौदामिनी टीचर काठी टेकत येतात आणि खिडकीशी पेपर वाचतात. परवा कमिटीचे नवे लोक म्हणाले, की ही घंटा ऐतिहासिक आहे, तिला छान काचेच्या कपाटात ठेवू, खाली पाटी लावू आणि हात लावू नये असं लिहू.

काचेची मला भीती नाही, जन्म काचेतच गेला. पण त्या कपाटात सेल नसेल, पंप नसेल, आणि पोरी लांबून बघून जातील. हे मी चालू देणार नाही. मातूनंही देऊ नये. मला पाटी नको. मला दोन नवे सेल द्या, ट्यूबच्या ताज्या पट्ट्या द्या, पंपाच्या चामड्याला खोबरेल द्या, आणि समोर पाच-दहा पोरं बसवा, प्रश्न विचारणारी, पायाला जमीन लागते म्हणून भांडणारी. सायकलची तार मात्र कुणी आणू नका.

मग काढा हवा. सगळी काढा. मी वाजतेच. विश्वास नसेल तर कान बाजूला ठेवा आणि बघा.